पाड्यावरची रेसिडेन्सी: आधी डोंगर, मग ग्रामसभा, शेवटी कलाकार

नाशिकहून पेठ, सुरगाणा किंवा हरसूलच्या बाजूला एखादी कलाकार रेसिडेन्सी सुरू करावी, चित्रकार, शिल्पकार, वादक यांना काही आठवडे पाड्यावर राहू द्यावे आणि त्यांच्या कामाच्या निमित्ताने उघड्या पडलेल्या डोंगरांवर पुन्हा झाडी यावी, अशी कल्पना हल्ली अनेक संस्थांना आणि कला महाविद्यालयांना सुचते. कल्पना चांगली आहे, पण तिची अंमलबजावणी बहुधा उलट्या टोकाने होते. आधी कलाकारांचे अर्ज मागवले जातात, मग राहण्याची सोय पाहिली जाते, आणि पाहुणे येणार असल्याची वर्दी पाड्याला सर्वांत शेवटी लागते. डोंगर सावरायला किमान पाच-सहा पावसाळे लागतात आणि कलाकार राहतो पाच-सहा आठवडे. तेव्हा ज्याचा काळ मोठा त्याच्या वेळापत्रकात लहान काळाचे काम बसवावे, या एका सूत्रावर पुढील सूचना आधारलेल्या आहेत.

डोंगर निवडताना

उघडी दिसणारी प्रत्येक जागा झाडे लावण्यासाठी नसते. अंजनेरीच्या पठारावर अंजनेरी कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया अंजनेरिका, ही अत्यंत मर्यादित प्रदेशात आढळणारी वनस्पती पावसाळ्यात फुलते, आणि तिला मोकळा, गवताळ, उथळ मातीचा माळच लागतो. अशा पठारावर खड्डे खणून रोपे लावणे म्हणजे पुनरुज्जीवनाच्या नावाखाली नुकसान करणे होय. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी वनस्पतींचा जाणकार आणि पाड्यावरचा गुराखी या दोघांना बरोबर घेऊन संपूर्ण डोंगर एकदा पावसाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात फिरावा. गुराख्याला विचारावे की साग, ऐन, धावडा यांचे जिवंत खुंट कोठे आहेत, झरा कोणत्या महिन्यात आटतो आणि वणवा दरवर्षी कोणत्या बाजूने येतो. जिथे खुंट जिवंत आहेत तिथे लागवडीची गरजच नसते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि वणवा अडवण्यासाठी पौष-माघात कापलेल्या जाळरेषा एवढ्यावर काही वर्षांत झाडी उभी राहते. जिथे माती वाहून गेली आहे तिथे आधी उताराला आडवे सलग समतल चर आणि ओघळीत न घडवलेल्या दगडांचे बांध घालावे लागतात, रोपांचा विचार त्यानंतरचा.

दोन्ही पद्धती प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर फार लांब जावे लागत नाही. २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झालेला बोरगड संरक्षण केल्याने जंगल कसे परतते हे दाखवतो, तर सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून उभी राहिलेली नाशिक देवराई देशी झाडांची लोकसहभागातून केलेली लागवड कशी दिसते ते दाखवते. निवड झालेल्या प्रत्येक कलाकाराला पाड्यावर नेण्यापूर्वी या दोन ठिकाणी एकेक दिवस द्यावा. शहरातून आलेल्या माणसाला हिरवे सगळे सारखेच दिसते. गिरिपुष्प या परदेशी झाडाचे एकसुरी बन आणि मिश्र जंगल यांतला फरक त्याला तिथे कोणीतरी उभे राहून दाखवावा लागतो.

राहण्याची सोय आणि जमिनीचा प्रश्न

नवी इमारत बांधू नये, असे येथे स्पष्टपणे सांगावेसे वाटते. पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके संपूर्णपणे आणि त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी, बागलाण यांचे भाग अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासींसाठी संविधानाने खास संरक्षण दिलेल्या प्रदेशात येतात, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर आदिवासीला पूर्वपरवानगीशिवाय विकत तर सोडाच, भाडेपट्ट्यानेही घेता येत नाही. या तरतुदीला वळसा घालण्यासाठी गावातल्या कोणाच्या तरी नावावर व्यवहार दाखवण्याचे सल्ले सहज मिळतात. ते ऐकू नयेत. सिंहस्थामुळे त्र्यंबक परिसरातील जागांचे भाव आधीच चढलेले आहेत, त्यात कलेच्या नावाने आणखी एक खरेदीदार उभा करण्याचे कारण नाही. घरातली एक खोली किंवा ओटी भाड्याने घेणे, समाजमंदिर दिवसा कार्यशाळेसाठी वापरणे आणि जेवणाचे काम महिला बचत गटाकडे रास्त दराने सोपवणे, एवढ्या सोयीवर उपक्रम उत्तम चालतो. शौचालय, पिण्याचे पाणी, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथे सर्पदंशावरील प्रतिविष उपलब्ध आहे की नाही, एवढी चौकशी मात्र आधी करून ठेवावी.

ग्रामसभेपुढे जाताना

१९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांनुसार अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपली संस्कृती, परंपरा आणि नैसर्गिक संसाधने जपण्याचा अधिकार आहे, आणि पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन स्वतःची ग्रामसभा भरवता येते. ज्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे जंगलाचे संरक्षण आणि पुनर्निर्मिती हे ग्रामसभेचेच काम असते, त्यामुळे शक्यतो असेच गाव निवडावे. वनविभागाच्या ताब्यातील जागेवर काहीही उभारायचे असल्यास वनविभागाची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. सरपंचांची तोंडी संमती ही ग्रामसभेची संमती नव्हे, हे सर्वांना माहीत असते आणि तरीही त्याच संमतीवर उपक्रम सुरू होतात.

पहिल्या सभेला प्रस्ताव घेऊन जाऊ नये. आपण कोण, पैसा कोणाचा आणि आपल्याला काय करावेसे वाटते एवढेच सांगून यावे. सभा संध्याकाळी, शेतावरची माणसे परतल्यावर ठेवावी. पुरुष बोलून झाले की सभा संपली असे समजू नये. सरपण, पाणी आणि रानभाजी यांचे खरे हिशेब बायकांकडे असतात, म्हणून त्यांची बैठक वेगळी घ्यावी, आणि तिथे कागदपत्रांपेक्षा हंडा-कळशी ठेवायची जागा, विहिरीची वाट, बंद होणारी चराई यांवर बोलणे होईल याची तयारी ठेवावी. चराईबंदीचा भुर्दंड कोणत्या घरांना बसणार हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये; ज्याच्या शेळ्यांना दुसरीकडे चारा नाही तो बांबूचे कुंपण मोडणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

ठरावात काय असावे? उपक्रमाचा कालावधी, कलाकारांची संख्या, फिरण्याच्या आणि न फिरण्याच्या जागा, मजुरीचा दर, तक्रार कोणाकडे करायची ते, आणि ग्रामसभेला वाटल्यास उपक्रम मध्येच थांबवण्याचा अधिकार. याशिवाय चित्रण न करण्याच्या गोष्टींची यादी ठरावाला जोडावी. लग्नघरातला चौक (भिंतीवरचे लग्नाचे चित्र) आणि धवलेरीचे, म्हणजे लग्न लावणाऱ्या स्त्रीचे गाणे, भगताचे मंत्र, गावदेवाची जागा, मार्गशीर्षात पाळला जाणारा डोंगऱ्या देव यांपैकी काय पाहायला चालेल, काय रेखाटायला चालेल आणि कशाचा फोटोसुद्धा चालणार नाही, हे पाडाच ठरवेल. औषधी वनस्पतींची माहिती कलाकृतीत किंवा पुस्तिकेत छापण्याचा मोह टाळावा. ती गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जावी की नाही, हा निर्णय जैवविविधता व्यवस्थापन समितीचा.

वेळापत्रक

शहरातल्या संस्थांना जानेवारी महिना सोयीचा वाटतो. हवा छान असते, रस्ते कोरडे असतात आणि दिवसभर काम करता येते. परंतु त्याच काळात पेठ-सुरगाण्यातली अनेक घरे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला गेलेली असतात. पाड्यावर उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले, आणि मग कलाकाराच्या नोंदवहीत ‘शांत, निवांत गाव’ असे लिहिले जाते. आषाढात आवणी (भाताची लावणी) चालू असताना कोणाला गप्पा मारायला बसवणे हाही अन्यायच.

त्यामुळे एकच दीर्घ मुक्काम न ठेवता तीन तुकडे करावेत. पहिला मुक्काम शिमग्याच्या सुमारास ठेवावा. बाहेर गेलेली माणसे होळीला घरी येतात, पुढे चैत्र-वैशाखात अनेक गावांत बोहाडा, म्हणजे मुखवटे लावून सोंगे नाचवण्याचा उत्सव होतो आणि बी गोळा करण्याचा हंगामही हाच असतो. दुसरा मुक्काम पहिला चांगला पाऊस पडून जमीन भिजल्यावर, आवणीची धांदल सुरू होण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत, लागवडीपुरता असावा. तिसरा भातकापणी आटोपल्यावर, माणसे बागांकडे निघण्यापूर्वी, ओहोळावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालण्यासाठी ठेवावा. वाघबारस याच सुमारास येते आणि वाघदेवाच्या लाकडी पाटीवरचे चंद्र, सूर्य, नाग आणि वाघ पाहून जंगल राखण्याविषयीची पाड्याची समजूत कलाकाराला भाषणाशिवाय कळते.

वस्तूवरून जंगलाची यादी

रोपवाटिकेत कोणती झाडे लावायची, हा प्रश्न एरवी शासकीय यादीवरून किंवा उपलब्ध रोपांवरून सुटतो. रेसिडेन्सीने तो पाड्यावरच्या वस्तूंवरून सोडवावा, आणि कलाकाराचे पहिल्या मुक्कामातले मुख्य काम हेच असावे.

तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याचे उदाहरण घ्यावे. वाजवणाऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्या परवानगीने, वाद्याचा एकेक भाग कशाचा आहे ते लिहून काढावे. फुगीर भाग वाळवलेल्या भोपळ्याचा असतो, बोटे ठेवण्याच्या नळ्या बांबूच्या, पुढचा लांब कर्णा ताडाच्या पानांचा, आणि हे सगळे हवाबंद जोडलेले असते मधमाश्यांच्या मेणाने. आता या चार गोष्टींचा माग काढावा. त्या आकाराचा भोपळा कोणाच्या मांडवावर धरतो आणि त्याचे बी कोणी राखले आहे? बांबू रानातला की विकतचा? ताड जवळपास किती उरले आहेत, की पाने दुसऱ्या गावाहून आणावी लागतात? मेण कोण काढतो, आणि पोळी कमी झाली असतील तर जांभूळ, करंज, हिरडा यांच्या उन्हाळी फुलोऱ्याचे काय झाले? एका वाद्यातून परसबाग, बांबूचे बेट, ताडाची रांग आणि मधमाश्यांना पुरेल असे मिश्र जंगल अशी चार कामे निघतात.

बोहाड्याच्या मुखवट्यांचेही तसेच. लाकडी मुखवट्यासाठी पांगाऱ्यासारखे हलके लाकूड लागते, कारण सोंग घेणाऱ्याला तो चेहऱ्यावर बांधून संबळ-सनईच्या तालावर नाचायचे असते. पांगारा दुर्मीळ झाला की कागदाच्या लगद्याचे मुखवटे येतात, त्यांत वाईट काही नाही. पण पांगारा वाढवणे सर्वांत सोपे आहे. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी फांदी तोडून बांधावर रोवली तरी ती फुटते, कुंपणाचे काम करते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला लाल फुलांवर पक्ष्यांची झुंबड उडते. घराच्या कुडाच्या भिंतींना कारवी या झुडपाच्या काठ्या लागतात. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि त्यानंतरच तिचे बी मिळते, म्हणून फुलोऱ्याच्या वर्षी काठ्या तोडणे थांबवण्याचा ठराव करता येतो. कोणते सोंग कोणी घ्यायचे हे अनेक गावांत घराण्याने ठरलेले असते, तेव्हा मुखवटा ‘करून पाहण्यासाठी’ मागणाऱ्या पाहुण्या कलाकाराला नकार मिळू शकतो, आणि तो त्याने मुकाट्याने स्वीकारावा.

तयार झालेली यादी बचत गटाच्या रोपवाटिकेकडे द्यावी आणि रोपे ठरलेल्या दराने विकत घ्यावीत. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही, पडल्यापासून थोड्याच काळात पेरावे लागते. बाकीच्या बियांची वेळही गावातल्या जाणत्या माणसांकडून नोंदवून घ्यावी.

कलाकाराने करायचे काम

पाड्याच्या भिंतींवर वारली चित्रे काढून देण्याचा उत्साह आवरावा; ज्यांची ती कला आहे त्यांना ती शिकवायला जाणे शोभत नाही. खडकांवर रंग फासणे, झाडांच्या खोडांना कापड गुंडाळणे, प्लास्टिकच्या टाकाऊ वस्तूंचे शिल्प माळावर सोडून येणे, हेही नको. गोदाघाटाचे जलरंग ही नाशिकच्या चित्रकारांची मोठी परंपरा आहे, पण निसर्गचित्रे काढून घरी नेणे हा या उपक्रमाचा हेतू नाही.

मग काय करावे? छत्तीसगडमध्ये कोंडागाव येथे कलाकार नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरच्या आदिवासी कलाकारांबरोबर हातपंपांच्या जागा घडवल्या. त्या ‘नळपार’ कामांत सांडलेले पाणी शोषखड्ड्यात मुरते, आणि भरलेला हंडा जमिनीवरून एकदम डोक्यावर घेण्याऐवजी मध्ये टेकवायला कोनाडा मिळतो. शिल्प आणि पाण्याची सोय यांत तिथे भेद राहिलेला नाही. निलगिरीत आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या (लँटाना) काड्यांपासून खऱ्या हत्तीएवढे हत्ती घडवले. त्यांतले शंभर हत्ती २०२४ पासून अमेरिकेत फिरले. जंगल गिळणारी परदेशी झुडपे कापली गेली आणि त्यातूनच मजुरी निघाली. घाणेरी आपल्या डोंगरांवरही आहे. ती मुळापासून काढावी लागते, वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत लगेच देशी गवत व रोपे आली नाहीत तर परत येते; म्हणून एका हंगामात जेवढ्या जागेची पुढे काळजी घेता येईल तेवढीच साफ करावी.

नाशिकच्या डोंगरांसाठी एक काम विशेष सुचवावेसे वाटते. चैत्रात मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो, त्यातून कधी कधी वणवा पेटतो आणि मोहाची नवी रोपेही जळतात. झाडाखाली जुन्या साड्या जोडून केलेली चादर किंवा जाळी पसरली तर जाळण्याची गरज उरत नाही आणि फुले स्वच्छ मिळतात. कापडावर काम करणाऱ्या कलाकाराने गावातल्या बायकांबरोबर बसून अशी चादर घडवावी: ती उतारावर कशी ताणायची, दव पडल्यावर जड होते का, दोघींना घडी घालून नेता येते का. हे काम प्रदर्शनात शोभेल की नाही सांगता येत नाही, पण पुढच्या चैत्रात ते वापरात आले की नाही हे निश्चित तपासता येईल.

निवड आणि करार

निम्म्या जागा त्याच तालुक्यातील आदिवासी कलाकारांसाठी असाव्यात आणि त्यांना ‘स्थानिक सहाय्यक’ म्हणू नये. मानधन, श्रेय आणि निर्णयात वाटा पाहुण्यांइतकाच असावा. २००३ मध्ये निसर्गातच दगड-मातीची कला घडवणारे ब्रिटिश भूकलाकार रिचर्ड लाँग वारली प्रदेशात वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्याकडे आले आणि त्यानंतर जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे दोघांचे एकत्र प्रदर्शन झाले, तेव्हा दोन्ही नावे बरोबरीने आली. उलट बाजूचा इतिहासही विसरू नये. गोंड परंपरेतील थोर चित्रकार जनगढ सिंह श्याम जपानमधील मिथिला म्युझियममध्ये निवासी काम करत असताना २००१ मध्ये तिथेच त्यांनी आत्महत्या केली. घरापासून दूर, अनोळखी भाषेत दीर्घकाळ काम करणाऱ्या कलाकाराच्या कराराच्या अटी काय असाव्यात, हा प्रश्न त्यानंतर भारतातील कलावर्तुळात तीव्रतेने विचारला गेला. आपला आदिवासी कलाकार नाशिक किंवा मुंबईत मुक्कामाला जाणार असेल तर त्याच्याबरोबर घरचे माणूस असावे, परतीचे तिकीट त्याच्याच हातात असावे आणि कधीही, कारण न देता, मानधन न गमावता परत येण्याची मुभा मराठीत लिहिलेल्या करारात असावी. करार वाचून दाखवावा आणि सही घेण्यापूर्वी मध्ये एक रात्र जाऊ द्यावी.

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे पाहुण्या कलाकाराने केलेल्या अनुकरणाला ‘वारली’ म्हणून विकणे कायद्यानेही अडचणीचे ठरते. गाणी आणि वादन ध्वनिमुद्रित केले तर त्याचा वापर कोठे होईल ते लिहून द्यावे, आणि पुढे उत्पन्न झाल्यास ग्रामसभेच्या खात्यात किती जाईल हेही त्याच कागदावर असावे.

पैसा आणि नंतरची वर्षे

अंदाजपत्रकाचा निम्मा भाग डोंगराच्या कामाला आणि राखणदाराच्या वेतनाला राखून ठेवावा. प्रदर्शन, पुस्तिका, उद्घाटन या सर्वांचा खर्च उरलेल्यातून भागवावा. माहिती सांगायला, वाट दाखवायला किंवा वाद्य उलगडून दाखवायला जो बसतो त्याचा दिवस बुडतो, म्हणून त्याला किमान द्राक्षबागेतल्या मजुरीइतके पैसे त्याच दिवशी द्यावेत. चहापाणी आणि सन्मानचिन्ह हा मोबदला नव्हे.

रोपांना पहिले दोन उन्हाळे सांभाळावे लागते. या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, त्यामुळे रोपांचे पाणी आणि माणसांचे पाणी यांत स्पर्धा होणार नाही अशीच संख्या लावावी. तीनशे रोपे जगवणे तीन हजार लावण्यापेक्षा अवघड आणि अधिक उपयोगाचे आहे. दरवर्षी दिवाळीनंतर आणि पुन्हा मे अखेरीस जिवंत रोपांची मोजणी करावी, ती राखणदार आणि शाळेतली मोठी मुले यांनी करावी, आणि मेलेल्या रोपांचे कारणही लिहावे: शेळी, वणवा, उधई (वाळवी) की कोरड. हा तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवावा. ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि वस्तूंवरून केलेली जंगलाची यादी यांची एकेक प्रत शाळेत आणि ग्रामपंचायतीत ठेवावी. तिसऱ्या वर्षापर्यंत देणगीदाराला बहुधा दुसरा प्रकल्प सापडलेला असतो, म्हणून राखणदाराचे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षाचे वेतन पहिल्याच वर्षी ग्रामसभेच्या समितीच्या खात्यात मुदत ठेव म्हणून जमा करावे आणि त्या ठेवीची पावती समितीच्या दप्तरी द्यावी.